माळ्यावरच्या फ्लॉप्या: आधी उतरवून घ्या, वाचायचं नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. म्हापशाजवळच्या जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत साठ-सत्तर फ्लॉप्या सापडल्या आहेत. काही साडेतीन इंची, कुवेतला नोकरी केलेल्या काकांच्या सख्र कॉम्प्युटरच्या. काही सव्वापाच इंची, शिक्षिका असलेल्या आत्याच्या शाळेतल्या बीबीसी मायक्रो या ब्रिटिश कॉम्प्युटरच्या. एक जुडगा गावच्या नाट्यमंडळाचा, त्यात पीसीवर टाइप केलेल्या मराठी संहिता असाव्यात. शिवाय बोटीवर असलेल्या शेजाऱ्यानं आणलेल्या, कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरच्या खेळांच्या थोड्या. कित्येकींवर पांढरे ठिपके आहेत. सख्र अजून घरात आहे, तर तो चालू करून त्यात एकेक फ्लॉपी घालून बघावी, की ऑनलाइन मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मागवावा?

सध्या दोन्ही करू नका. आत काय आहे याची उत्सुकता मला कळते, पण बहुतेक जुन्या फ्लॉप्या मरतात त्या या ‘जरा घालून बघू’मध्येच. हार्ड डिस्कचं हेड पृष्ठभागापासून किंचित वर तरंगतं. फ्लॉपीचं हेड मात्र चकतीला टेकलेलं असतं, दुबाजू ड्राइव्हमध्ये तर दोन्हीकडून दाबून. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे दहा सेकंदांत पन्नास. बुरशीचा एखादा कण हेडखाली आला की तो त्या दहा सेकंदांत लेपावर गोल चर पाडतो. त्या चरातला डेटा मग कोणीही परत आणू शकत नाही. शिवाय घाण झालेलं हेड पुढची चांगली फ्लॉपीही खरवडतं. म्हणून माझा नियम असा की प्रत्येक फ्लॉपी ड्राइव्हमध्ये जास्तीत जास्त एकदाच जाणार आहे असं समजून तयारी करायची. त्या एका फेरीत चुंबकीय खुणा जशाच्या तशा उतरवून घ्यायच्या. फाइली कोणत्या, फॉरमॅट कोणता, मराठी कुठली, ही सगळी डोकेफोड नंतर त्या उतरवलेल्या प्रतीवर करायची. तिथं हजार वेळा चुकलं तरी बिघडत नाही.

आधी त्यांना माळ्यावरून खाली आणा. गोव्यात जून ते सप्टेंबर साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्या काळात घरातली हवा नव्वद टक्के आर्द्रतेपर्यंत सहज जाते. बुरशीला पासष्ट-सत्तर टक्के पुरतात. फ्लॉपीची चकती म्हणजे पॉलिएस्टरची पातळ फिल्म. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे कण एका पॉलियुरेथेन लेपात बसवलेले असतात. हा लेप वर्षानुवर्षं हवेतलं पाणी शोषतो, त्याची रासायनिक साखळी तुटत जाते आणि तो चिकट किंवा भुसभुशीत होतो. बुरशी डोळ्यांना दिसते तरी. लेपाचं हे सडणं दिसत नाही, ते हेड लागल्यावरच कळतं.

ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर त्या आधी काढा, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते. फ्लॉप्या उन्हात घालू नका, हेअर ड्रायर लावू नका, तांदळात पुरू नका. बऱ्याच पाकिटांवर १० ते ५२ अंश सेल्सिअस अशी मर्यादा छापलेली असते, आणि मे महिन्यातल्या उन्हातली पत्र्याची ट्रंक ती गाठू शकते. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे लेन्सला बुरशी लागू नये म्हणून ड्राय कॅबिनेट असतं, तुमच्या ओळखीत कोणाकडे नक्की असेल. त्यात ४० ते ४५ टक्क्यांवर दोन-तीन आठवडे ठेवा. नाही मिळालं तर घट्ट झाकणाचा डबा, भरपूर सिलिका जेल आणि आत एक स्वस्तातला आर्द्रतामापक. घाई असेल तर एवढंच करून थांबा आणि बाकीचं काम चतुर्थी झाल्यावर, पाऊस ओसरला की करा. अनेक वर्षं माळ्यावर राहिलेल्या फ्लॉप्या डब्यात अजून दोन महिने राहतील.

कोरड्या झाल्या की तपासणी. खोलीतला पंखा बंद, तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे. बुरशीच्या फ्लॉप्या हाताळायच्या तर व्हरांड्यात, एसीच्या खोलीत नाही. सव्वापाच इंचीच्या लांबट खिडकीतून, मधल्या भोकाला बोट लावून चकती हळूहळू फिरवा आणि तिरप्या टॉर्चच्या उजेडात बघा. साडेतीन इंचीचं धातूचं झाकण सरकवा आणि मागचं धातूचं चक्र फिरवा. पूर्ण एक फेरा बघायचा, दोन्ही बाजू बघायच्या. धूळ फुंकरीनं हलते. बुरशी जाळ्यासारखी पसरलेली, मंद पांढरी, गोलाकार डागांत असते. जॅकेटच्या आतलं मऊ अस्तर चकतीवरची धूळ पुसायला असतं आणि बुरशीला राहायलाही तीच जागा आवडते. म्हणून बाहेरून एकच ठिपका दिसला तरी आत बरंच असू शकतं. तीन ढीग करा: स्वच्छ, शंकास्पद, बुरशीच्या. काम स्वच्छ ढिगापासून सुरू करायचं. नाट्यमंडळाच्या फ्लॉप्या तुम्हाला जास्त मोलाच्या वाटत असतील, तरी अगदी पहिल्यांदा त्यांना हात लावू नका. हात बसेपर्यंत ज्या गेल्या तरी चालेल अशाच घ्या.

कुठलीही फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी सगळ्यांना लिहिण्यापासून वाचवा. इथं लोक गोंधळतात, कारण दोन्ही आकारांचे नियम उलटे आहेत. सव्वापाच इंचीच्या कडेला चौकोनी खाच असते. ती उघडी असली तर लिहिता येतं, चिकटपट्टीनं झाकली तर येत नाही. साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातलं भोक उघडं असलं तर ती सुरक्षित, झाकलेलं असलं तर लिहिता येतं. हे आधी न करता फ्लॉपी विंडोज ९५ किंवा ९८ असलेल्या जुन्या पीसीत घातली, तर ते तुम्हाला न विचारता बूट सेक्टरमध्ये, म्हणजे फ्लॉपीच्या अगदी पहिल्या तुकड्यात, स्वतःची खूण लिहून ठेवतं. नव्या विंडोजमध्ये ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ असं विचारलं तर उत्तर काय द्यायचं ते सांगायला नको.

बुरशीच्या फ्लॉप्या धुवायच्या. ऐकायला भयंकर वाटतं, पण चकतीला पाण्याचं वावडं नाही, तिला दीर्घकाळची दमट हवा मारते. सव्वापाच इंचीच्या जॅकेटची वरची कड, म्हणजे लेबलच्या बाजूची, धारदार कात्रीनं मिलिमीटरभर कापा आणि चकती सरकवून बाहेर काढा. मधल्या भोकाजवळ पेन्सिलीनं बारीक टिंब द्या, म्हणजे वरची बाजू कोणती ते राहील. आता आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांकडे ९९ टक्क्यांचं असतं, ते घ्या. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन आणि सुगंधी द्रव्यं असतात. आधी भोकाजवळच्या रिकाम्या पट्ट्यावर कापसाच्या काडीनं एक हलका हात फिरवून बघा. काडीला तपकिरी रंग आला तर लेपच निघतोय, तिथंच थांबा आणि ती फ्लॉपी बाजूला ठेवा. रंग आला नाही तर डिस्टिल्ड पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मग स्वच्छ डिस्टिल्ड पाणी, मग अल्कोहोल. धागे न सुटणाऱ्या कापडानं न घासता टिपून घ्या आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. मग ती चकती कुठल्याही भंगार फ्लॉपीच्या स्वच्छ जॅकेटमध्ये घाला. जुनं जॅकेट फेकू नका, त्यावरचं आत्याचं किंवा काकांचं हस्ताक्षरही नोंदीचा भाग आहे. साडेतीन इंचीचं कवच पातळ पात्यानं कोपऱ्यांतून उकलतं. झाकणाची बारीक स्प्रिंग हमखास उडते, म्हणून हे काम परातीत करा.

आता यंत्र. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हला नाही म्हणायचं कारण असं की त्याला पीसीचे साडेतीन इंची ७२० केबी आणि १.४४ एमबी एवढेच फॉरमॅट कळतात. सव्वापाच इंची त्यात जातच नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे तो फक्त सेक्टर, म्हणजे उलगडलेल्या डेटाचे ठरावीक तुकडे, देतो. सेक्टर खराब असला की ‘एरर’ म्हणून गप्प बसतो, आत काय होतं ते दाखवत नाही. तुम्हाला हवा तो फ्लक्स, म्हणजे चकतीवरच्या मूळ चुंबकीय खुणा, वाचणारा बोर्ड. मी ग्रीजवीझल वापरायला सांगेन: कीर फ्रेझरनं केलेला, खुला आराखडा, स्वस्त, यूएसबीवर चालतो. क्रायोफ्लक्स आणि सुपरकार्ड प्रो हेही चांगले आहेत. हे बोर्ड डेटा समजून घ्यायच्या भानगडीत पडत नाहीत. चकतीवरचा चुंबकीय प्रवाह किती वेळानं पालटतो ते अंतर मोजतात आणि नोंदवतात. एका ट्रॅकचे, म्हणजे चकतीवरच्या डेटाच्या एका गोल पट्ट्याचे, तीन-पाच फेरे सलग नोंदवून ठेवता येतात, म्हणजे एका फेऱ्यात निसटलेला बिट दुसऱ्यात सापडू शकतो. एका फ्लॉपीची अशी फाइल काही दहा एमबी होते. मूळ फ्लॉपी ३६० केबीची, हे बघून हसू येतं, पण जागा आता महाग नाही.

बोर्डाला जुन्या पीसीतले दोन ड्राइव्ह लागतील: एक साडेतीन इंची १.४४ एमबीचा, एक सव्वापाच इंची १.२ एमबीचा. सव्वापाच इंची आता शोधूनच मिळतो. कोणी मुंबईला जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विचारायला सांगा, नाहीतर जुन्या कार्यालयांच्या भंगारात. त्याला ५ आणि १२ व्होल्ट दोन्ही लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत, म्हणून पीसीचा चांगला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) जोडा आणि सगळं यूपीएसवर ठेवा. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. जोडल्यावर आधी भंगार फ्लॉपीनं फेऱ्यांचा वेग मोजा, ग्रीजवीझलमध्ये त्याची सोय आहे. साडेतीन इंची ३०० आणि सव्वापाच इंची १.२ एमबीचा ३६० दाखवायला हवा. मग हेड अल्कोहोलनं पुसा. शंकास्पद ढिगातली प्रत्येक फ्लॉपी झाल्यावर पुन्हा पुसा. वाचताना किंचाळल्यासारखा किंवा घासल्याचा आवाज आला तर त्याच क्षणी फ्लॉपी बाहेर.

सव्वापाच इंचीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. ३६० केबीच्या फ्लॉपीत दर बाजूला ४० ट्रॅक असतात, १.२ एमबीच्या ड्राइव्हचं हेड ८० ट्रॅकसाठी, म्हणून निम्म्या रुंदीचं. या अरुंद हेडनं रुंद ट्रॅक वाचणं उत्तम, किंचित फायद्याचंच, कारण ट्रॅकच्या मधोमध चालता येतं. पण अशा ड्राइव्हनं त्या फ्लॉपीवर कधीही लिहू नका. अरुंद पट्टा लिहिला जातो, कडेला जुना डेटा उरतो, आणि मूळ मशीनला दोन्ही एकदम ऐकू येतात.

आता तुमचे चार प्रकार.

सख्रच्या सर्वांत सोप्या. सख्र म्हणजे कुवेतच्या अल आलमिया कंपनीनं अरबीसह विकलेला एमएसएक्स, अनेक कंपन्यांनी एकाच आराखड्यावर केलेल्या घरगुती कॉम्प्युटरांपैकी एक. आखातातून परतलेल्यांच्या सामानातून गोव्यात आलेला एखादा मला अधूनमधून भेटतो. एमएसएक्स-डॉसची फाइली ठेवायची रचना पीसीच्या डॉससारखीच, एफएटी१२ नावाची, ३६० किंवा ७२० केबी. फ्लक्स काढून सेक्टर इमेज, म्हणजे फ्लॉपीतल्या सगळ्या सेक्टरांची एक फाइल, केली की आतल्या फाइली सहज दिसतात. कोणी जास्त क्षमतेच्या, म्हणजे दोन भोकांच्या फ्लॉपीवर ७२० केबी फॉरमॅट केलं असेल, तर साधा ड्राइव्ह तिला १.४४ समजून चुकतो. दुसऱ्या भोकावर चिकटपट्टी लावली की सुधारतो.

बीबीसीच्या फ्लॉप्यांना मी जास्त वेळ देईन. केंद्र सरकारच्या क्लास प्रकल्पातून १९८४-८५ पासून देशभरातल्या शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम त्या फ्लॉप्यांवर असतील तर ते जगात दुसरीकडे कुठंच नाहीत. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्नच्या डीएफएस या फाइली ठेवायच्या पद्धतीत एफएम नावाचं जुनं एकघनतेचं कोडिंग आहे: ट्रॅकला २५६ बाइटचे १० सेक्टर, म्हणजे ४० ट्रॅकला १०० केबी. पीसीचे अनेक फ्लॉपी कंट्रोलर एफएम वाचूच शकत नाहीत आणि ‘डिस्क कोरी आहे’ असं सांगतात. त्यावर विश्वास ठेवून फ्लॉपी फेकू नका. लेबलवर ४० की ८० ट्रॅक हे क्वचितच लिहिलेलं असतं, म्हणून दोन्ही बाजू आणि ८०च्या ८० ट्रॅक उतरवून घ्या आणि ठरवा नंतर. दोन बाजू बीबीसीला दोन वेगळे ड्राइव्ह वाटतात, शून्य आणि दोन. त्यामुळे एका बाजूचंच वाचून ‘झालं’ म्हणणं सोपं असतं आणि दुसरी राहून जाते. फाइलींची यादी पहिल्या ट्रॅकच्या पहिल्या दोन सेक्टरांत असते आणि त्यात जास्तीत जास्त ३१ नावं मावतात. नेमकी तीच जागा खराब झाली तरी धीर सोडू नका. डीएफएस प्रत्येक फाइल सलग ठेवतं, तुकडे करत नाही. यादी नसली तरी सुरुवात आणि शेवट ओळखून फाइल कापून काढता येते. बीबीसी बेसिकचा प्रोग्रॅम साध्या मजकुरासारखा दिसणार नाही, त्यातले शब्द एकेका बाइटात दाबलेले असतात. बीबेम या एम्युलेटरमध्ये, म्हणजे आजच्या पीसीवर बीबीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, इमेज घालून ‘लिस्ट’ म्हणा.

कमोडोरच्या १५४१ ड्राइव्हची तऱ्हा वेगळी. जीसीआर नावाचं वेगळंच कोडिंग, बाहेरच्या ट्रॅकवर २१ सेक्टर तर आतल्यावर १७, एकूण ६८३ ब्लॉक, आणि यादी मधल्या १८व्या ट्रॅकवर. त्याला इंडेक्स भोकाची, म्हणजे फेरा कुठं सुरू होतो ते दाखवणाऱ्या चकतीवरच्या बारीक भोकाची, गरज नसते, त्यामुळे लोक फ्लॉपीला दुसऱ्या बाजूनं खाच पाडून उलटी करून वापरत. दोन खाचा दिसल्या तर दोन्ही बाजू वाचा. उलट्या बाजूला पीसीच्या ड्राइव्हला इंडेक्स सापडत नाही, तेव्हा ग्रीजवीझलमध्ये खोटा इंडेक्स देण्याचा पर्याय वापरा. हे खेळ मात्र जगात बहुधा आधीच जतन झालेले आहेत. या ढिगावर रात्री जागवू नका.

राहिला नाट्यमंडळाचा जुडगा. इथं फ्लॉपीपेक्षा मराठीच जास्त छळेल. फाइली ३६० केबी किंवा १.२ एमबीच्या डॉस फ्लॉपीवर असतील, त्या निघतील. उघडल्यावर मात्र युरोपीय चिन्हांचा चिवडा दिसेल. घाबरू नका, डेटा बहुधा शाबूत असतो. दोन शक्यता आहेत. मजकूर जिस्ट कार्डावर (पीसीत भारतीय लिप्यांसाठी बसवायचं कार्ड) किंवा सी-डॅकच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला असेल, तर तो इस्की या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कोडात असेल. त्यात प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा असतो, क हा १७९. युनिकोडचा देवनागरी भाग इस्कीवरच बेतलेला असल्यानं तो जवळजवळ सरळ बदलता येतो. दुसरी शक्यता म्हणजे श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांची खास कोडं. तिथं साठवलेलं असतं ते अक्षराचं चित्र: काना वेगळा, अर्धा श वेगळा, वेलांटी आधी. फॉन्ट कोणता हे कळल्याशिवाय उलगडत नाही, म्हणून त्याच ट्रंकेत फॉन्टची किंवा सॉफ्टवेअरची फ्लॉपी आहे का ते आवर्जून शोधा. छापील संहितेचं एखादं पान मंडळातल्या कोणाकडे असेल तर सोन्याहून पिवळं, जुळवून पाहायला तेवढं पुरतं. इंग्रजी मजकुरात प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षरच विचित्र दिसलं तर ते वर्डस्टार आहे. आठवा बिट काढून टाकला की सरळ होतं. या फ्लॉप्यांत संहितेबरोबर मंडळाची वर्गणी आणि उधारीही निघेल. ती कुणाला दाखवण्याआधी मंडळातल्या जुन्या लोकांना विचारा.

वाचताना चुका आल्या तर पुन्हा पुन्हा फिरवत बसू नका. फ्लॉपी काढा, बघा, हेड पुसा, एकदा परत वाचा. तरी नाही तर दुसऱ्या ड्राइव्हवर, कारण ज्या ड्राइव्हनं ती लिहिली त्याचं हेड किंचित सरकलेलं असू शकतं आणि दुसरा ड्राइव्ह त्याच्याशी जास्त जुळतो. तिथंही नाही आलं तर मिळालेला फ्लक्स जपा. उलगडण्याची सॉफ्टवेअरं सुधारत असतात.

नोंदीत कंजुषी नको. प्रत्येक फ्लॉपीला क्रमांक, लेबल आणि पाकिटाचा फोटो, कोणत्या ड्राइव्हवर वाचली, किती ट्रॅक खराब, धुतली का. फ्लक्सची फाइल, तिच्यावरून केलेली सेक्टर इमेज आणि काढलेल्या फाइली अशा तिन्ही ठेवा, प्रत्येकीचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइल बदलली तर लगेच कळवणारा तिच्यावरून काढलेला आकडा, बाजूला लिहून. प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक गोव्याबाहेरच्या नातेवाइकाकडे. पेन ड्राइव्ह कपाटात टाकून निर्धास्त होऊ नका, वीज न मिळता पडून राहिलेली फ्लॅश मेमरी विसरते. कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये प्रोग्रॅमची प्रत कायदेशीर मार्गानं जवळ असलेल्याला नाश टाळण्यासाठी बॅकअप काढायची मुभा आहे. खेळ इंटरनेटवर वाटायची मात्र त्यात नाही.

आणि सख्र. तो थेट प्लगला लावू नका. उघडून घड्याळाची बॅटरी गळली आहे का ते बघा, पॉवर सप्लायचे कपॅसिटर फुगलेत का ते बघा, व्होल्टेज बोर्डापासून सुटं करून मोजा. हे जमत नसेल तर जुने टीव्ही दुरुस्त करणारा माणूस गाठा, त्याला ते मिनिटांत जमतं. मशीन उठलं तरी त्याच्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये काकांच्या मूळ फ्लॉप्या घालायच्या नाहीत. गोटेक नावाचा एम्युलेटर, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसून पेन ड्राइव्ह वाचणारा डबा, घ्या, त्यात फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर घाला, सख्रच्या जोडणीप्रमाणे जंपर लावा आणि तुम्ही काढलेल्या इमेज पेन ड्राइव्हवरून चालवा. काकांना मशीनपुढे बसवायचं असेल तर तेव्हाच बसवा. कोणत्या फ्लॉपीत काय होतं हे त्यांना अजून आठवत असेल, तर ते नोंदवहीत त्या-त्या क्रमांकापुढे लिहून घ्या.